टेबलावरचा सूत्रधार सांगलीच्या रस्त्यावर कसा उतरवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विश्रामबागेकडे राहणारे पाच इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, तीन मुलगे आणि दोन मुली, स्वतः रचलेला मराठी फँटसी रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायचा खेळ, टेबलावर खेळतात. वीस बाजूंचा फासा, कॅरेक्टर शीट म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, आणि आळीपाळीने एकजण गोष्ट चालवणारा सूत्रधार. गोष्ट हरिपूरच्या पेवांखाली, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांखाली, वसलेल्या एका राज्याची. आता हा खेळ त्यांना पोकेमॉन गोसारखा मोबाइलवर आणायचा आहे, सांगली-मिरजेत पायी फिरून खेळता येईल असा. नियम तसेच्या तसे घ्यावेत का, नकाशा कुठला वापरावा, इंजिन, म्हणजे गेम बांधायचं सॉफ्टवेअर, कुठलं, कायद्याची काही अडचण येते का, आणि सुरुवात कुठून करावी, असं त्यांनी विचारलं आहे.

मी बरीच वर्षं लोकेशनवर चालणाऱ्या गेमचं डिझाइन करतोय. इंजिनचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, तो सगळ्यात सोपा आहे. तुमच्या टेबलावर तीन गोष्टी असतात: नियम, जग आणि सूत्रधार. मोबाइलवर नेताना नियमांचं कोडिंग होतं, जगाची चित्रं निघतात, आणि सूत्रधार मात्र कुणाच्या यादीतच नसतो. खरं तर सगळा खेळ त्याच्यावर उभा असतो. तुमच्यापैकी कुणी 'मी पेवाच्या तोंडावर ओलं गोणपाट टाकतो' म्हणालं, तर नियमांच्या वहीत गोणपाट कुठेच नसतं. तरी सूत्रधार क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, 'ठीक आहे, फासा टाक, बारा पाहिजेत.' फोनला हे जमत नाही. म्हणून पहिला निर्णय हा घ्यायचा, की सूत्रधाराची कामं कुणाकुणात वाटायची.

सांगलीकरांना हे समजवायला लांब जावं लागत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार पदं म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी रचून बोलत. तुमचं टेबल १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाचं जितकं वारसदार आहे, तितकंच याचंही. सूत्रधार काढून घेतला तर पात्रं नुसती उभी राहतील.

मोठं नाव आणि तयार जग हाताशी असलं की खेळ चालतो, असंही समजू नका. द विचर: मॉन्स्टर स्लेअर हा असाच चालत खेळायचा मोबाइल गेम २०२१ मध्ये आला आणि २०२३ मध्ये बंद झाला. माइनक्राफ्ट अर्थ २०१९ मध्ये लोकांच्या हाती आला आणि २०२१ च्या जूनमध्ये गुंडाळला गेला. हॅरी पॉटरचा विझार्ड्स युनाइट २०१९ च्या जूनपासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत टिकला. प्रत्येकाची कारणं वेगळी असतील, पण लोकप्रिय जग असूनही लोक रोज चालायला निघाले नाहीत, एवढं तर दिसतंच.

आता सूत्रधाराची कामं पाहू. पहिलं काम वर्णनाचं. टेबलावर समोर काहीच नसतं, त्यामुळे सूत्रधाराला नदी, पूल, अंधार सगळं शब्दांत उभं करावं लागतं. रस्त्यावर हे काम जागा स्वतः करते. कृष्णेच्या घाटावर उभ्या असलेल्या माणसाला 'तुझ्यासमोर एक जुना दगडी पूल आहे, खालून संथ नदी वाहते' हे वाचायला लावू नका. आयर्विन पूल त्याला दिसतोय, १९२९ पासून तिथेच आहे. जे दिसत नाही तेवढंच लिहा. उदाहरणार्थ: 'तिसऱ्या कमानीखालून कुणीतरी तुझं नाव घेतलं. आवाज ओळखीचा आहे.' खाली दोन बटणं: 'ओ देतो', 'मान वळवत नाही'. बस्स. वाचणारा उभा आहे, स्क्रीनवर ऊन पडलंय, एका हातात भडंगाचा पुडा आहे. पंचवीस-तीस शब्दांच्या पुढे गेलात की तो वाचणार नाही, नुसती बटणं दाबत सुटेल. तुमच्यातलं जे कुणी सुंदर लांबलचक वर्णनं लिहीत असेल, त्याला हे पचायला जड जाईल. त्याला घरी बसून वाचायची रोजनिशी लिहायला द्या, दिवसभराच्या चालण्यावरून रात्री उलगडणारी. तिथे हात मोकळा सोडता येतो.

दुसरं काम निवाड्याचं, आणि इथेच फासा आडवा येतो. वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता सारखीच, पाच टक्के. अकरा किंवा जास्त हवे असतील तर निम्म्या वेळा अपयश, आणि सलग तीन वेळा अपयश येण्याची शक्यता आठात एक. टेबलावर सलग तीनदा फासा फसला की सगळे हसतात, कुणीतरी टोमणा मारतं, त्यातून गोष्टीला नवी वाट फुटते. तेच एकटा माणूस उन्हातून पाऊण किलोमीटर चालून आला आणि तीनदा 'हुकलं' असं दिसलं, तर तो फोन खिशात घालतो आणि परत उघडत नाही.

माझा नियम असा, की चालत आलेल्या माणसाला काहीतरी मिळालंच पाहिजे. फासा ठरवेल ती किंमत. दार उघडणारच, प्रश्न एवढाच, की चुपचाप उघडतं की आवाज होऊन पहारेकरी जागा होतो. आणि फाशाऐवजी पत्त्यांचा गठ्ठा वापरा. सहा पत्ते, तीन चांगले, तीन वाईट, ओढलेला पत्ता परत घालायचा नाही, गठ्ठा संपला की नव्याने पिसायचा. पहिले तिन्ही पत्ते वाईट निघण्याची शक्यता आठात एकवरून विसात एकवर येते, आणि त्या गठ्ठ्यात चौथा वाईट पत्ता नसतोच. खेळणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. स्क्रीनवर वीस बाजूंचा फासा खुशाल गडगडू द्या, त्याची मजा वेगळीच असते. निकाल मात्र गठ्ठ्यातून येऊ द्या.

गोणपाटाची युक्ती मात्र गमवावी लागेल. पर्याय म्हणून प्रत्येक ठिकाणी तीन वाटा द्या: एक कुणालाही जमेल अशी, एक पात्राच्या वर्गानुसार, म्हणजे योद्ध्याला वेगळी आणि मांत्रिकाला वेगळी, आणि तिसरी झोळीतल्या एखाद्या विचित्र वस्तूमुळे खुलणारी. लोक त्या तिसऱ्या वाटेबद्दलच एकमेकांशी बोलतात. 'तुला पेवापाशी काय दिसलं? मला तर गोणपाटाचा पर्याय आला!' निवाड्यासाठी एआय लावा, असं कुणीतरी सुचवेलच. मजकुराचे कच्चे खर्डे त्याच्याकडून करून घ्यायला हरकत नाही. निवाडा त्याच्यावर सोपवू नका. खेळणारा जे मागेल त्याला तो 'हो' म्हणत जातो, दर उत्तराचा खर्च तुमच्या खिशातून जातो, आणि घाटावर रेंज गेली की सूत्रधारच बेपत्ता होतो.

लढाईच्या पटावरचे चौकोन तर सोडूनच द्या. टेबलावर एक चौकोन पाच फुटांचा, म्हणजे दीड मीटरचा. फोनच्या जीपीएसची अचूकता उघड्या आकाशाखाली साधारण ५ मीटर असते आणि इमारतींच्या गल्लीत ती सहज २०-३० मीटरवर घसरते. म्हणजे 'शत्रूच्या मागे जाऊन वार' हे फोनला दिसणारच नाही. खेळातलं प्रत्येक ठिकाण म्हणजे नकाशावरचा एक बिंदू, त्याभोवती ४० मीटरचं वर्तुळ धरा. आत आलात म्हणजे पोचलात. शहराचे मोठे तुकडे पाडायचे असतील तर उबरने २०१८ मध्ये खुली केलेली एच-थ्री ही षटकोनी जाळी फुकट वापरता येते. तिच्या नवव्या पातळीवरचा एक षटकोन सुमारे १० हेक्टरचा असतो. 'हा तुकडा सध्या कुणाच्या ताब्यात' असल्या गोष्टींना तेवढा आकार पुरेसा आहे.

तिसरं काम वेळ सांभाळायचं, आणि ते घड्याळ आनंदाने करतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत छोटी विश्रांती किमान एक तासाची आणि मोठी आठ तासांची असते. टेबलावर ती एका वाक्यात संपते. मोबाइलवर ती खरीच ठेवा. जखमी पात्र रात्रभरात बरं होतं, सकाळी नवीन मंत्र मिळतात. खेळणाऱ्याला थांबवायला यापेक्षा सभ्य उपाय मला माहीत नाही, आणि 'पैसे भरा, लगेच बरे व्हा' या बटणाचा मोह तुम्ही टाळलात तर लोक तुमचं नाव काढतील.

चौथं काम लक्षात ठेवायचं. मागच्या रविवारी तुम्ही पेवातली हळद जाळली, हे सूत्रधाराला आठवतं, म्हणून आज गावकरी तुमच्याशी नीट बोलत नाहीत. नुसतं राक्षस मारून गुण गोळा करण्याच्या खेळात हेच हरवतं. कुणी काहीही केलं तरी उद्या सकाळी तिथे तोच राक्षस. तुमच्या खेळात जागेला स्मरण द्या. एकाने उघडलेलं पेव सगळ्यांसाठी उघडं राहू द्या, एकाने विझवलेला दिवा दुसऱ्याला विझलेलाच दिसू द्या.

यातून पार्टीचा, म्हणजे एकत्र साहसाला निघणाऱ्या पात्रांच्या टोळीचा प्रश्नही सुटतो. पाचजण एका वेळी एका ठिकाणी येणं कॉलेज सुटल्यावर अशक्य आहे. मग पार्टीने एकामागून एक चालावं. मांत्रिकाने सोमवारी हरिपूरच्या संगमेश्वर मंदिराच्या रस्त्यावर मंतरलेला दिवा ठेवला, तर बुधवारी तिथे पोचलेल्या योद्ध्याला त्याच्या उजेडात खूण दिसते, आणि ती खूण कुठे न्यायची हे फक्त चोराला माहीत आहे. प्रत्येकाने आपल्या सोयीने चालायचं, गोष्ट मात्र एकच.

हे सगळं कोडमध्ये उतरवण्याआधी एक काम करा. व्हॉट्सअॅपचा ग्रुप उघडा, चौघांनी एक तासाचं लाइव्ह लोकेशन सुरू करून हरिपूर रस्त्याला चालायला लागा, आणि पाचव्याने घरी बसून सूत्रधारी करा. कोण कुठे आहे ते त्याला दिसेल. तो मजकूर टाकेल, तुम्ही उत्तर द्याल, तो फासा टाकेल. त्याने शेजारी वही ठेवून आपण दिलेला प्रत्येक निवाडा लिहून काढायचा. दोन-तीन रविवारांत दिसेल की काही निवाडे पुन्हा पुन्हा येतात. त्यांचे नियम करा. जे एकदाच आले, ते कितीही भन्नाट असले तरी पहिल्या आवृत्तीत नकोत. शिवाय मजकूर टाकल्यावर लोक किती वेळ खरंच थांबतात, कुठे थांबायला लाजतात, कुठे कुत्री मागे लागतात, हे कुठल्याही नकाशात नसतं.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून भरलेला खुला नकाशा घ्या. त्याच्या परवान्यात दोन अटी आहेत: श्रेय द्यायचं, आणि त्या माहितीत भर घालून केलेला डेटाबेस वाटलात तर तो त्याच परवान्याखाली खुला ठेवायचा. तुमच्या गोष्टीचे बिंदू वेगळ्या तक्त्यात ठेवा म्हणजे गुंता होणार नाही. गल्ल्यांची नावं किंवा पायवाटा नसतील तर स्वतः फिरून भरा, पण गूगल मॅप्सवरून उचलू नका, ते चालत नाही. आणि पेवाखालचं राज्य त्या नकाशात घालू नका. तो खऱ्या जगाचा नकाशा आहे.

बिंदू मात्र एकेक हातानेच निवडा. पोकेमॉन गोची ठिकाणं बरीचशी त्याआधीच्या इनग्रेस या खेळात लोकांनीच सुचवलेल्या जागांवरून आली. साहजिकच जिथे तसे खेळाडू होते तिथे गर्दी झाली आणि खेडी कोरडी राहिली. तुम्हाला फक्त एक शहर भरायचंय. चाळीस चांगले बिंदू पुरे.

पेवांबद्दल वेगळं सांगतो, कारण तुमच्या गोष्टीचा जीव त्यातच आहे. जमिनीखाली हळद साठवायचे ते खड्डे, हे फँटसीवाल्याला आयतंच भुयार मिळाल्यासारखं आहे, याचा मोह मला कळतो. पण बंद पेवातली हवा माणसाला मारू शकते. उघडल्यावर आत हवा खेळल्याशिवाय जाणकार माणूस उतरत नाही. त्यातून ती जागा कुणाच्या तरी मालकीची. म्हणून बिंदू पेवावर कधीच ठेवायचा नाही. तो सार्वजनिक रस्त्यावर ठेवा, आणि मजकुरात 'खाली' जायचं ते पात्राने जावं. 'शोधा', 'आत उतरा' असे शब्द बटणावर टाळा. दहावीतलं पोर ते शब्दशः घेतं.

नदीचंही तसंच. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. घाटावरच्या प्रत्येक बिंदूला डेटाबेसमध्ये 'पाणी' असा एक रकाना द्या, आणि सर्व्हरवरून एका क्लिकमध्ये तो बिंदू बंद करता आला पाहिजे. अॅपचं नवीन अपडेट लोकांपर्यंत पोचेपर्यंत नदी थांबत नाही. मी तर पावसाळ्याचे चार महिने घाटाचे बिंदू सरसकट बंदच ठेवेन. आणि पुराचं साहस करू नका. इथल्या कित्येक घरांच्या भिंतींवर त्या पाण्याची रेघ लोकांनी पाहिली आहे. बिंदू गुपचूप बंद होऊ द्या, त्यावर राक्षस उभा करू नका. पुलावर बिंदू कुठल्याच ऋतूत नको, वाहनं अंगावरून जातात.

देवस्थानांबाबत माझं मत कडक आहे. २०१६ मध्ये पोकेमॉन गोमधली अंडी प्रार्थनास्थळांत दिसतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती आणि न्यायालयाने नोटीस काढली होती. गणपती मंदिर असो वा मिरजेचा मीरासाहेब दर्गा, तिथे लढाई नको, लूट नको, शत्रू नको. फार तर बाहेरच्या रस्त्यावर विसाव्याची जागा ठेवा, तीही विचारून. शाळा, दवाखाने, पोलीस ठाणी आणि रेल्वेची हद्द यादीतून आधीच वगळा. मिरजेत तर दवाखाना चुकवून बिंदू ठेवायचा म्हणजे कसरतच आहे म्हणा.

आणि तुमच्यातल्या दोघी मैत्रिणींना प्रत्येक बिंदूवर नकाराधिकार द्या. संध्याकाळी सातला तिथे एकटीने पाच मिनिटं फोन हातात धरून उभं राहता येईल का, एवढाच प्रश्न. त्या 'नाही' म्हणाल्या की बिंदू रद्द, चर्चा नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी कुणी बाहेर पडणारच नाही, म्हणजे तुमचा खेळ मुख्यतः संध्याकाळचाच आहे, हे विसरू नका.

तांत्रिक बाजू पटकन आटपतो. पहिल्या आवृत्तीत अॅप उघडं असतानाच लोकेशन वाचा. बॅकग्राउंडची, म्हणजे अॅप बंद असतानाही लोकेशन वाचायची परवानगी मागितली की लोक बिचकतात आणि प्ले स्टोअरला वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागतं. पुढे जिओफेन्स, म्हणजे माणूस आत शिरला की फोनने आपोआप कळवायची नकाशावरची वर्तुळं, लावायचे ठरले तर अँड्रॉइडवर एका अॅपला १०० आणि आयफोनवर २० इतकीच मर्यादा आहे, त्यामुळे जवळचे वीस बिंदू तेवढे नोंदवायचे आणि माणूस सरकला की यादी बदलायची. अँड्रॉइडची शिफारस किमान १००-१५० मीटर त्रिज्येची आहे, म्हणजे जिओफेन्सने फक्त 'जवळ आलात' असं कळवायचं. 'पोचलात' हे अॅप उघडल्यावर तपासायचं. दुचाकीच्या वेगाने सरकणाऱ्याला बटणं दाखवू नका. खोटं लोकेशन लावणारे भेटतीलच. सांगली-मिरज अंतर दोन मिनिटांत कापणारा दिसला की त्याची चाल नोंदवू नका, एवढं सध्या पुरे. इंजिन? तुमच्या खेळात नकाशा, मजकूर आणि बटणं आहेत. अॅप बांधायला फ्लटर आणि नकाशा दाखवायला मॅपलिब्रे, यांत ते होतं. त्रिमितीय राक्षस नाचवायचेच असतील तर युनिटी हे गेम इंजिन, पण मग तुमच्यातला एकजण वर्षभर त्यातच अडकेल.

कायद्याच्या तीन गोष्टी सांगतो. तुमचे नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सवरून आले असतील तर त्याचा नियमसंच, एसआरडी ५.१, २०२३ च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. श्रेय देऊन धंद्यासाठीही वापरता येतो. पण त्यामुळे खेळाचं नाव किंवा बोधचिन्ह वापरायचा हक्क मिळत नाही. दुसरं, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे. त्याच्या डेटासाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि त्याच्या वावरावर पाळत ठेवण्याला मनाई आहे. लोकेशनचा खेळ म्हणजे पाळतच की! म्हणून माग फोनवरच ठेवा. सर्व्हरला फक्त 'अमुक बिंदू उघडला' एवढंच कळवा, आणि सुरुवातीला अठरा पूर्ण झालेल्यांनाच घ्या. तिसरं, पैजेचं काहीही नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे.

सुरुवात सांगलीचा घाट ते हरिपूर एवढ्याच पट्ट्यात करा. मिरज नंतर. तंतुवाद्यांच्या त्या गल्लीत खेळ न्यावासा वाटणारच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय, आणि शापित तंबोरा ही कल्पना मलाही सोडवत नाही. पण तिथे गल्ली अरुंद, जीपीएस एका दुकानाचा पत्ता सोडून तिसऱ्याच्या दारात नेऊन उभं करेल. तिथे लोकेशनवर विसंबू नका. कारागिरांशी बोला, जो हो म्हणेल त्याच्या दारावर क्यूआर कोडचा छोटा स्टिकर लावा, आणि दुकान बंद असण्याच्या वेळेत तो बिंदूही बंद ठेवा.